माळावरचा तास वेळापत्रकात हवा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरचा आणि पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबरचा. या दोन तारखांमधला आठवडा आपल्या राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा केला जातो आणि त्यानिमित्ताने शाळाशाळांतून चित्रकला, निबंध, घोषवाक्ये अशा स्पर्धा होतात. यंदा आमच्या भागातील एका शाळेने चित्रे तपासण्यासाठी मला बोलावले होते. एकेचाळीस चित्रे होती आणि मुलांनी ती मन लावून काढली होती. त्यांत मोर होते, पोपट होते, खंड्या होता, तीन धनेश होते आणि एक पेंग्विनही होता. काम आटोपून मी बाहेर आले, तेव्हा शाळेच्या कुंपणापलीकडच्या माळावरून एक भोवत्या पक्षी गवताच्या शेंड्यांना जवळजवळ पोट टेकवत तरंगत चालला होता. हा पक्षी हिवाळ्यासाठी मध्य आशियातून आपल्याकडे येतो, दिवसभर माळावरचे नाकतोडे आणि उंदीर टिपतो आणि रात्री त्याच गवतात जमिनीवर मुक्काम करतो. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर बसून पक्ष्यांची चित्रे काढणाऱ्या एकेचाळीस मुलांपैकी एकानेही तो काढला नव्हता, कारण तो त्यांना कधी कोणी दाखवलाच नव्हता. हा दोष मुलांचा खचितच नाही. तो आम्हा शिक्षकांचा आहे, आणि तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका म्हणून त्यातला माझा वाटा मान्य करूनच मी हे पत्र लिहीत आहे.

हा विषय शाळेत शिकवलाच जात नाही, अशी माझी तक्रार नाही. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरणाचे शिक्षण शाळांतून सक्तीने देण्याचे निर्देश दिले, पुढे २००३ मध्ये पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम तयार करण्यास एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेला सांगितले, आणि त्यानंतर पाठ्यपुस्तकांत या विषयाला चांगले स्थान मिळाले. आपल्याकडे तिसरीपासून परिसर अभ्यास आहे, नववी-दहावीला जलसुरक्षा आली, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आणि त्याचा प्रकल्प आहे. पुस्तकेही वाईट नाहीत; ‘निरीक्षण करा’, ‘माहिती मिळवा’, ‘करून पहा’ अशा चौकटी पानोपानी आहेत. अडचण अशी की परीक्षेत विचारले जाते ते चौकटीबाहेरचे, आणि चौकटीतले करायला वेळापत्रकात तास नसतो. माझ्या नात्यातील एका मुलीने बारावीला ‘गावातील ओढ्याचे प्रदूषण’ या विषयावरचा प्रकल्प तालुक्याच्या गावातील दुकानातून तयार विकत आणला. त्यात पाण्याचे नमुने घेतल्याच्या तारखा होत्या, तक्ते होते, निष्कर्षही होता. तिच्या गावाला ओढा नाही. तिला चांगले गुण मिळाले आणि तो प्रकल्प तपासणाऱ्यांपैकी कोणीही तिला ओढ्याचे नाव विचारले नाही. जो विषय डोळ्यांनी पाहायचा आणि हातांनी करायचा, तो असा उतरवून काढण्याचा झाला, ही गोष्ट मला फार लागते.

मी ज्या भागाविषयी लिहिते आहे तो इंदापूर, बारामती, दौंड, कर्जत, करमाळा असा सलग पसरलेला पर्जन्यछायेचा मुलूख आहे. वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस, कालव्याखाली ऊस आणि कालव्याच्या वर माळ. हा माळ सात-बाऱ्यावर कुठे पडीक, कुठे पोटखराबा, तर कुठे गायरान म्हणून लागलेला असतो, आणि कागदावर जे पडीक ते मनातही पडीकच राहते. वास्तविक चिंकारा, काळवीट, लांडगा, खोकड, तरस, ससा, घोरपड हे सगळे या गवताचे रहिवासी आहेत; धाविक, पखुर्डी, माळटिटवी, चंडोल हे पक्षी तर झाडीत राहूच शकत नाहीत, त्यांना उघडे रानच लागते. काळविटांसाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य १९८० मध्ये झाले, चिंकाऱ्यांसाठी बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वरचे अभयारण्य १९९७ मध्ये झाले. रेहेकुरी जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आणि मयूरेश्वर सव्वापाचाच्या आतले. म्हणजे या प्राण्यांचा खरा संसार अभयारण्याच्या बाहेर, गावांच्या गायरानांत आणि वनखात्याच्या तुकड्यातुकड्यांच्या माळांवर चालतो, आणि तो टिकणार की नाही हे त्या गावांत आज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हाती आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोकांसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. आज तेथे माळढोक दिसणे ही अपवादाची गोष्ट झाली आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या आजोबांनी तो पक्षी पाहिलेला होता. नातवंडांना मी त्याचे चित्र दाखवत होते.

आता इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वनविभागाने माळरान सफारी सुरू केली आहे. पुण्या-मुंबईची मंडळी पहाटे गाडीतून येतात, दुर्बिणी लावतात, लांडगा दिसला की धन्य होतात. याचा मला आनंदच आहे. त्यातून स्थानिक तरुणांना वाटाडे म्हणून काम मिळते. पण त्याच माळाच्या काठावरच्या वस्तीशाळेतील मुलाला लांडगा ठाऊक असतो तो मेंढी उचलणारा चोर म्हणून किंवा गोष्टीतला दुष्ट म्हणून. पाहुण्यांना जे मोल कळते ते घरच्यांना कळण्याची सोय शाळेने करायची नाही, तर कोणी?

इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे त्या चुकीतून शिकलेले आहे. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी वृक्षारोपणाची फार हौशी होते. शाळेशेजारच्या गायरानात आम्ही एका पावसाळ्यात दोनशे खड्डे घेतले आणि गिरिपुष्पाची रोपे लावली. मुलांनी घरून डब्याडब्याने पाणी आणून ती जगवण्याचा प्रयत्न केला. दोन उन्हाळ्यांत निम्म्याहून अधिक रोपे वाळली. जी जगली त्यांच्याखाली गवत उगवेनासे झाले. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर नेहमीप्रमाणे वाड्यासह, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडासह, उतरलेल्या धनगर समाजातील एका वृद्ध मेंढपाळाने मला शाळेच्या फाटकाशी थांबवले आणि अगदी शांतपणे म्हटले, “बाई, झाडं लावू नका असं कोण म्हणतंय? पण गवताच्या जागी गवतच पायजे. तुमच्या पोरांनी आमचं कुरण खणलं.” मी त्या वेळी काही बोलू शकले नाही. मातीचा थर वीतभर आणि खाली मुरूम, अशा जमिनीवर हजारो वर्षांत जे रुजले ते गवत आहे, तेच तिथले जंगल आहे, हे मला पदविकेच्या अभ्यासक्रमात कोणी शिकवले नव्हते. तेव्हापासून आजवर राज्यात वृक्षलागवडीच्या कितीतरी मोहिमा झाल्या. २०१९ मध्ये तर उद्दिष्ट ३३ कोटींचे होते, आणि प्रत्येक मोहिमेत शाळांचा वाटा ठरलेला असतो. गावठाणात, बांधावर, रस्त्याकडेला, ओढ्याच्या काठी लिंब, करंज, वड, चिंच जरूर लावावेत. मात्र मुलांना माळावर खड्डे घ्यायला लावण्यापूर्वी त्या माळावर आधीच काय नांदते आहे, हे एकदा त्यांना पाहू द्यावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या वृद्ध गृहस्थांनाच मी पुढच्या शनिवारी शाळेत बोलावले. ते आत वर्गात बसायला तयार होईनात, म्हणून वर्गच माळावर नेला. त्यांनी मुलांना पवना, मारवेल आणि कुसळी ही गवते ओळखायला शिकवली. कोणते गवत कोवळेपणी मेंढीला मानवते, कोणते पिकल्यावर तिच्या तोंडाला आणि कातडीला टोचते, कळप कुठे केव्हा घालायचा आणि कुठून केव्हा काढून घ्यायचा, हे सांगितले. चराईचे नियोजन हा शब्द त्यांनी वापरला नाही, पण त्यांनी सांगितले ते तेच होते. त्यानंतर जो तास आम्ही दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर घेत राहिलो, तो मला येथे थोडा विस्ताराने सांगू द्यावा.

दिवाळीनंतर कुसळी पिकते. तिचे काळपट तांबूस कुसळ एकमेकांत गुंतून शेंड्याशी वेणीसारखे झुबके होतात आणि माळावरून चालणाऱ्याच्या पायजम्यात, मोज्यांत, शेळीच्या केसांत अडकून बसतात. कुसळ म्हणजे टोचणारी, काढून फेकून द्यायची वस्तू, एवढेच मुलांना माहीत असते. प्रत्येक मुलाने एकेक पिकलेले कुसळ घ्यायचे, बी असलेले अणकुचीदार टोक चिमटीत हलकेच धरायचे, आणि वरच्या पीळदार शेपटीवर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडायचा. पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग ती कोरडी, मेलेली वाटणारी काडी आपोआप फिरू लागते. पीळ उलगडत जातो आणि वाकलेले टोक घड्याळाच्या काट्यासारखे हळूहळू वर्तुळ काढते. “बाई, फिरतंय! बाई, माझंपण फिरतंय!” हा पुकारा दर वर्षी तितक्याच आश्चर्याने झाला आहे. फिरायचे थांबले की ते कुसळ उन्हात धरायचे. वाळताना ते पुन्हा पीळ घेते, म्हणजे पुन्हा फिरते. मग एका थाळीत भुसभुशीत माती घ्यायची, कुसळ तिच्यावर ठेवायचे, संध्याकाळी पाणी शिंपडायचे, दिवसा वाळू द्यायचे आणि तीन-चार दिवस नोंद ठेवायची. बियांच्या टोकाशी मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे बी आत जाते पण सहजी मागे येत नाही. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने फिरत फिरत गवताचे बी स्वतःलाच जमिनीत पेरून घेते, हे मुलांना मी कधी सांगितले नाही. थाळीतली बी आत गेलेली पाहून त्यांनीच ते मला सांगितले. एका वर्षी पाचवीच्या एका मुलीने विचारले, “मग बाई, आपण माळ नांगरला नाही तरी तो दर वर्षी कसा उगवतो, ते हेच ना?” पाठ्यपुस्तकातील ‘बीजप्रसार’ हा पाठ त्यानंतर शिकवण्याची फारशी गरज उरली नाही.

त्याच गवताचा दुसरा धडा पाण्याचा. तेलाचे दोन रिकामे डबे आडवे कापून त्यांची पसरट ताटे करायची, एका बाजूला कडेला भोके पाडायची आणि दोन्ही ताटे विटेवर सारखीच तिरपी ठेवायची. एकात नुसती माती, दुसऱ्यात मुळांसकट उचललेला गवताचा थर. दोन्हींवर झारीने एकेक लिटर पाणी सारख्याच वेगाने ओतायचे आणि भोकांखाली धरलेल्या बाटल्यांत काय जमते ते पाहायचे. उघड्या मातीतून पाणी चटकन येते आणि ते चहासारखे गढूळ असते. गवताच्या ताटातून ते उशिरा, कमी आणि बरेच निवळ येते. दोन्ही बाटल्या रात्रभर तशाच ठेवल्या की सकाळी पहिल्या बाटलीच्या तळाशी बोटभर गाळ बसलेला असतो. धरणात गाळ कुठून येतो आणि विहिरीला पाझर कुठून मिळतो, हे दोन्ही प्रश्न मुले या दोन बाटल्यांसमोर बसून एकमेकांना विचारतात. उजनीच्या काठावरच्या मुलांना गाळाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

सातवीच्या मुलांकडून आम्ही शाळेच्या छपराचा हिशेब करवून घेत असू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. मुलांनी टेपने छप्पर मोजले, ते दीडशे चौरस मीटर भरले. पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला पंचाहत्तर हजार लिटर पाणी त्या पत्र्यावरून वाहून जाते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी साठ हजार लिटर उरते. शाळेत साठ मुले. पिण्यासाठी आणि हात धुण्यासाठी माणशी पाच लिटर धरले तर दिवसाला तीनशे लिटर. म्हणजे दोनशे दिवसांचे पाणी, आणि शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे कामाचे दिवसही दोनशेच ठरवलेले आहेत. हे उत्तर फळ्यावर आले तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला होता, कारण त्याच वर्षी मार्चपासून शाळेला टँकरचे पाणी सुरू झाले होते. पुढच्या ग्रामसभेत मुलांनी हा हिशेब मोठ्या कागदावर लिहून नेला आणि ग्रामपंचायतीने पन्हाळी आणि टाकी बसवून दिली. एखादा संवर्धनाचा पाठ खरोखर शिकवून झाला की नाही, याची यापेक्षा चांगली परीक्षा मला ठाऊक नाही.

विहीर मोजण्याचा उपक्रमही असाच साधा आहे. दोरीला हातहातभर अंतरावर गाठी मारायच्या, टोकाला दगड बांधायचा, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिक्षकांनी मुलांसमक्ष पाण्याची खोली मोजायची. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा घेते. आमची मुले बारा वेळा घेत. सहा वर्षांचा आलेख शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे. त्यात शेजारी नवीन कूपनलिका ज्या वर्षी झाल्या, त्या वर्षीची उतरण कोणालाही बोट ठेवून दाखवता येते. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची रीत घालून दिली, ती आता राज्याला परिचित आहे. असा ताळेबंद प्रत्येक गावात मांडायचा असेल, तर मोजण्याची सवय लहानपणापासूनच लागायला हवी.

वन्यप्राण्यांच्या बाबतीत प्रत्यक्ष दर्शनाचा हट्ट धरू नये, असे माझे मत अनुभवाने झाले आहे. प्राणी दिसला नाही तरी त्याचा माग दिसतो, आणि माग वाचणे हा मुलांना भुरळ घालणारा अभ्यास आहे. ओढ्याच्या ओल्या वाळूत उमटलेल्या ठशात प्लास्टर ऑफ पॅरिसचे पातळ मिश्रण ओतले की अर्ध्या तासात ठसा हातात येतो. कुत्र्याच्या आणि लांडग्याच्या ठशात नखे उमटतात. मांजराच्या कुळातील बिबट्या चालताना नखे आत घेतो, म्हणून त्याच्या ठशात ती दिसत नाहीत. तरसाचे पुढचे पाऊल मागच्यापेक्षा मोठे असते. आता उसामुळे बिबट्या आमच्याही भागात आला आहे. पूर्वी जुन्नरची बातमी म्हणून वाचत होतो ते आज आमच्या बांधावर घडते. अशा वेळी भीती दाखवून मुलांना घरात कोंडणे शक्य नाही. दिवेलागणीला एकटे उसाच्या कडेने जायचे नाही, मोठ्यांबरोबर बोलत-गात आणि बॅटरी घेऊन जायचे, उसात पिल्ले सापडली तर हात लावायचा नाही, गर्दी करायची नाही आणि वनखात्याला कळवायचे, हे तालीम करून शिकवता येते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही विषारी चौकडी ओळखता येणे आणि धामण ही उंदीर खाणारी, शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे हे पटणे, याने माणसांचे जीव वाचतात आणि सापांचेही.

अर्थात काही पथ्ये सक्तीने पाळावी लागतात. टिटवी उघड्या जमिनीवर चार खड्यांच्या मधोमध अंडी घालते. ती खड्यांत इतकी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून विणीच्या काळात मुलांना रांगेने, ठरलेल्या पायवाटेनेच न्यायचे, घरटे वीस पावलांवरूनच पाहायचे, अंडी, पिल्ले, घरटी यांना हात लावायचा नाही आणि मोबाइलने फोटो काढण्यासाठी जवळ जायचे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, हे सनावळीसाठी पाठ करण्यापेक्षा तो पाळायचा कसा, हे टिटवीसमोर उभे राहून अधिक चांगले कळते.

हे सगळे नवीन आहे, असा माझा दावा मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा होती. मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा त्यांच्याकडे कुरणात जाईल, असा तो विचार होता. महाराष्ट्राला अशी परंपरा असताना कुरणाच्या काठावरील आमच्या शाळांना मात्र कुरणात जायला परवानगीचा अर्ज करावा लागतो.

पालकांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. एका वडिलांनी मला स्पष्ट विचारले होते, “रानात हिंडायला पोरं काय शाळेत घातलीत? ते तर ती घरी पण करत्यात.” त्यांच्या मुलाने शिष्यवृत्ती परीक्षेत उतरावे ही त्यांची इच्छा रास्त होती, आणि गरिबीतून वर येऊ पाहणाऱ्या माणसाला माळ म्हणजे मागे टाकायची जागा वाटते, हेही मी समजू शकते. मी त्यांना मुलाची वही दाखवली. विहिरीचा आलेख, छपराचे क्षेत्रफळ, सरासरी, शेकडेवारी, निरीक्षणाची सुवाच्य टिपणे हे सगळे त्याच्या स्वतःच्या हातचे होते. ते वही बराच वेळ पाहत राहिले आणि पुढच्या शनिवारी स्वतःच दोरी घेऊन आले. शिक्षकांचे म्हणणेही खोटे नाही: निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, रोज भरायची ऑनलाइन माहिती, दोन शिक्षकांकडे पाच वर्ग. अशा शिक्षकावर आणखी एक उपक्रम लादला की तो फोटो काढून मोकळा होतो, आणि मी त्याला नावे ठेवणार नाही.

म्हणूनच माझे मागणे नव्या उपक्रमाचे नाही, आहे त्यातलाच वेळ द्यावा एवढे आहे. २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. महिन्यातील दोन शनिवार शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या माळासाठी, ओढ्यासाठी, विहिरीसाठी किंवा देवराईसाठी शिक्षण विभागाने लेखी राखून द्यावेत. त्या दिवसाचा अहवाल म्हणून फोटो न मागता मुलांच्या वहीतील नोंद ग्राह्य धरावी. ठरावीक अंतरातील अशा फेरीसाठी प्रत्येक वेळी वरची परवानगी न लागता मुख्याध्यापकांचा निर्णय पुरेसा असावा. शिक्षकांचे प्रशिक्षण सभागृहात पडद्यावर न घेता एखाद्या माळावर घ्यावे आणि त्यात वनरक्षकाबरोबरच मेंढपाळ, पारधी, वैदू समाजातील जाणत्या मंडळींना मानधन देऊन शिकवायला बोलवावे. त्यांचे ज्ञान फुकटात घेण्याची आपली सवय आता मोडली पाहिजे. जैवविविधता कायद्यानुसार, जो २००२ चा आहे, प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. त्या नोंदवह्या बाहेरच्या माणसांकडून एकदाच भरून घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा शाळेतील मुलांच्या नोंदी दर वर्षी त्यांत जोडाव्यात. आणि प्रत्येक गावाने ठराव करून गायरानातील एक-दोन एकर शाळेचे अभ्यासकुरण म्हणून राखावे, जिथे खड्डे घेतले जाणार नाहीत, वणवा लावला जाणार नाही आणि चराई मेंढपाळांशी बोलून ठरवली जाईल. यासाठी लागणारा खर्च म्हणजे दोरी, दोन डबे, झारी, वही आणि वर्षाकाठी प्लास्टरची एखादी पिशवी.

माळावरची कुसळी डिसेंबरअखेरपर्यंत उभी असते. त्यानंतर कुसळ गळते, कळप उतरतात, आणि फेब्रुवारीत गवत वाळून पिवळे पडले की भोवतेही परतीच्या तयारीला लागतात. इंदापूर, बारामती आणि कर्जत तालुक्यांतील ज्या शाळांना माळ जवळ आहे, त्यांच्यापुरता तरी याविषयीचा आदेश जिल्हा परिषदांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी या महिन्यात काढावा. कुसळाचा, दोन डब्यांचा आणि विहिरीचा हे तीन पाठ शिकवायला मी कोणत्याही शाळेत स्वखर्चाने येईन, आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या आणखी चौघी शिक्षिकांनी तसा शब्द दिला आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. इंदापूर, जि. पुणे